प्रलयाच्या चित्रांतून कचारगडाकडे

डिसेंबर १८०८. जर्मनीतलं ड्रेस्डेन शहर, नाताळचे दिवस. थंडी अशी की तुमच्या सालेकसा तालुक्यातल्या पौषाच्या पहाटेला इथे कुणी थंडी म्हणणार नाही. जिना चढून तुम्ही एका चित्रकाराच्या खोलीत येता. तुमच्या पुढे चार-सहा माणसं उभी आहेत, टोप्या काढून हातात धरलेली. खिडकी अर्धी झाकली आहे. टेबलावर काळं कापड अंथरलं आहे आणि त्यावर सोनेरी चौकटीतलं एक चित्र उभं केलं आहे. चौकटीवर ताडाच्या झावळ्या आणि देवदूतांचे चेहरे, खाली गव्हाच्या लोंब्या आणि द्राक्षवेल. जिन्यात मोठमोठ्यानं बोलत आलेली माणसं उंबऱ्यावर आली की आपोआप हळू बोलू लागतात.

तुम्ही मान उंचावून पाहता. एक डोंगर. त्याचा काळा सुळका, खडकांतून वर आलेली फरची झाडं आणि अगदी माथ्यावर एक क्रूस. क्रूसावरचा येशू तुमच्याकडे बघत नाही. त्याचं तोंड पलीकडे, मावळतीला आहे. सूर्यही दिसत नाही, तो डोंगराआड गेला आहे. त्याचे किरण तेवढे आभाळात फाकले आहेत आणि त्यातला थोडासा उजेड क्रूसावर चमकतो आहे. बाकी सगळा डोंगर अंधारात, आणि तुम्हीही त्या अंधाराच्याच बाजूला उभे आहात.

चित्रकाराचं नाव कास्पार डेव्हिड फ्रीडरिख, वय ३४. त्यानं काय केलं आहे ते तुमच्या शेजारच्या कोटवाल्या गृहस्थाच्या चेहऱ्यावरून कळतं. शेकडो वर्षं युरोपातल्या वेदीवर माणसं रंगवली गेली: मरिया, शिष्य, सैनिक, रडणाऱ्या बायका. डोंगर असलाच तर त्यांच्या खांद्यामागे, बोटभर. या चित्रात माणूस एकही नाही. क्रूससुद्धा डोंगरावर लाकडाचा उभा करतात तसा, धातूची मूर्ती ठोकलेला. वेदीवर बसला आहे तो डोंगर, आणि त्याच्यामागचं आभाळ. महिन्याभरात, जानेवारी १८०९मध्ये, रामडोर नावाचा टीकाकार एका नियतकालिकात यावर तुटून पडेल; निसर्गचित्रानं थेट वेदीवर चढावं हा त्याला उद्धटपणा वाटेल. फ्रीडरिख उत्तर देईल की खडक म्हणजे श्रद्धेचा पक्केपणा, सदाहरित झाडं म्हणजे आशा.

तुम्हाला या भांडणातलं भांडण चटकन कळत नाही, कारण तुम्ही गोंदिया जिल्ह्यातून आला आहात. तुमच्याकडे बडादेव साजाच्या झाडापाशी असतो. त्याला भिंत नाही, कळस नाही. पायथ्याशी शेंदूर लागलेला दगड दिसला की नांगर खांद्यावर घेऊन चाललेला माणूसही क्षणभर थांबतो. डोंगर आणि झाड देवाच्या जागी बसतात यात नवल ते काय? पण या खोलीतल्या माणसांसाठी ते नवल आहे. ते नवलच तुम्हाला इथून पुढे पन्नास वर्षं युरोपभर फिरवणार आहे.

फेब्रुवारी १८२१. लंडन, पॅल मॅल रस्ता, ब्रिटिश इन्स्टिट्यूशनचं दालन. आता कुणी हळू बोलत नाही. रेटारेटी आहे, कोपरं लागताहेत. एका चित्रापुढे आडवा कठडा घालावा लागला आहे, नाही तर लोक कॅनव्हासवरच पडतील. तुम्ही वाट काढत कठड्याला टेकता.

चित्रात बाबेल नगरीचा महाल आहे. बायबलमधल्या दानिएलाच्या ग्रंथातली गोष्ट: राजा बेलशस्सर यरुशलेमेच्या मंदिरातून लुटून आणलेल्या पात्रांतून दारू पितो आणि भिंतीवर अदृश्य हातानं अक्षरं उमटतात. इथे त्या अक्षरांमधून पांढरा झळझळीत उजेड फुटतो आहे. मध्यभागी काळ्या वस्त्रातला दानिएल ती वाचतो आहे. पण तुमची नजर माणसांवर ठरत नाही. ती खांबांच्या रांगेवरून आत, आणखी आत धावत जाते. खांब संपत नाहीत. त्यांच्यापलीकडे मनोरा, मनोऱ्याच्या डोक्यावर फाटलेलं आभाळ, विजा, आणि ढगांच्या भगदाडातून डोकावणारा चंद्र. हजारो माणसं, आणि त्यातला एकेक जण तांदळाच्या दाण्याएवढा.

या चित्राला संस्थेनं २०० गिनींचं बक्षीस दिलं आहे. रंगवणारा जॉन मार्टिन १७८९मध्ये नॉर्थम्बरलँडमधल्या हेडन ब्रिज या खेड्यात एका खोलीच्या घरात जन्मला. घोडागाड्यांवर कुळचिन्हं रंगवणाऱ्या कारागिराकडे तो उमेदवार होता. मग लंडनला येऊन चिनी मातीच्या भांड्यांवर आणि काचेवर रंगकाम करून पोट भरलं. रॉयल अकादमीतल्या जाणकारांना तो कधीच फारसा आवडला नाही. त्याची माणसं कच्ची आहेत हे त्यांचं म्हणणं खरं आहे. हात-पाय, चेहरे त्याला साधत नाहीत. तरीही मी त्याच्या बाजूनं उभा राहीन. गरिबीत वाढलेल्या मुलाला राजाचा चेहरा महत्त्वाचा वाटला नाही, त्याला वाटला राजावर कोसळणारा आभाळाचा भार. हे चित्र त्याचा जुना मालक कॉलिन्स यानं विकत घेतलं, काचेवर त्याची नक्कल करून स्ट्रँड रस्त्यावरच्या दुकानाच्या खिडकीत मागून दिवे लावून मांडली. तिकीट काढून दालनात जाणं ज्यांना जमत नव्हतं, त्यांनी ते रस्त्यावर उभं राहून पाहिलं. गावजत्रेतल्या पडद्यासमोर बसणारी तुमची माणसं या गर्दीत परकी वाटली नसती.

आता त्याच्या चित्रशाळेत या. तो प्रलय रंगवतो आहे. नोहाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल: माणसांच्या पापांना विटून देवानं पृथ्वी बुडवली, एक कुटुंब आणि प्राण्यांच्या जोड्या तेवढ्या तारवात वाचवल्या. मार्टिननं त्याचं पहिलं मोठं चित्र १८२६मध्ये दाखवलं आणि दुसरं १८३४मध्ये रंगवलं. प्रलयाचं कारण त्यानं आपल्या बुद्धीनं शोधलं होतं: सूर्य, चंद्र आणि धूमकेतू एका रेषेत येऊन समुद्र उचलला गेला. जीवाश्मांचा अभ्यास करून पृथ्वीवर उत्पात होऊन गेले असं सांगणारा थोर फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिए या चित्रशाळेत येऊन ते पाहून गेला आणि खूश झाला. कॅनव्हासवर पाणी एका बाजूनं डोंगरासारखं उभं राहिलं आहे, दुसऱ्या बाजूनं खराखुरा डोंगर वाकून त्यावर कोसळतो आहे, आणि मधल्या खडकावर माणसं एकमेकांना धरून बसली आहेत. तारू कुठे आहे ते शोधावं लागतं. ते वर, लांब, सुरक्षित आहे. मार्टिनचं लक्ष जे बुडताहेत त्यांच्याकडे आहे.

इथे तुम्ही थोडा वेळ थांबता, कारण हे दृश्य तुम्ही पाहिलेलं आहे. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं, वर पाऊस होताच, आणि वैनगंगा काठ सोडून धानाच्या बांध्यांत, घरांत, गोठ्यांत शिरली. गोंदिया, भंडारा, पुढे चंद्रपूर, गडचिरोली. रात्रीतून गावं पाण्यात. लोंब्या धरू लागलेला धान चिखलाखाली गेला. मार्टिनच्या खडकावरच्या त्या दाण्याएवढ्या माणसांमध्ये तुम्हाला ओळखीचे चेहरे दिसू लागतात. चेहरे नीट रंगवलेले नाहीत, म्हणूनच दिसू लागतात.

हाच माणूस पुढे लंडनच्या पिण्याच्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या योजना आखण्यात वर्षं आणि पैसा घालवतो. नदीकाठानं मोठी गटारं बांधावीत, घाण थेम्समध्ये सोडू नये असे नकाशे काढतो, पत्रकं छापतो. त्याच्या हयातीत त्याचं कुणी ऐकलं नाही. मला हे त्याच्या चित्रांपेक्षा वेगळं वाटत नाही. ज्यानं पाण्याचा कोप इतकी वर्षं डोळ्यांसमोर ठेवला, त्याला शहराच्या पाण्याची काळजी वाटणारच. १८५१ ते १८५३मध्ये त्यानं शेवटची तीन मोठी चित्रं केली. त्यातल्या एकात अख्खी पर्वतरांग शहरांसकट उलटी होऊन आगीच्या दरीत पडते आहे. त्याचा मुलगा सांगत असे की इंग्लंडच्या कोळसापट्ट्यातून रात्री प्रवास करताना भट्ट्यांचा जो लाल उजेड वडिलांनी पाहिला, तो या चित्रात आला. १८५४मध्ये मार्टिन गेला. तिन्ही चित्रं गावोगाव फिरली, अमेरिकेलाही गेली.

अमेरिकेत तुम्हाला फार थांबायचं नाही. १८२८, न्यू यॉर्क, थॉमस कोलचं एदेन बागेतून हाकलून दिल्याचं चित्र. उजवीकडे उजेडाची बाग, डावीकडे मोडलेली झाडं, खडक, ज्वालामुखी, मधे दगडी कमानीतून येणारा झोत आणि त्यापुढे पळणारे, नखाएवढे आदम आणि हव्वा. मार्टिनच्या छापील चित्रांवरून उचलल्याचा आरोप त्याच्यावर झाला. एवढं खरं की शब्दांत सांगायचं दुःख त्यानं सगळं झाडांच्या बुंध्यांत भरलं आहे.

मे १८४३ मात्र चुकवू नका. लंडनचा ट्रॅफल्गर चौक, रॉयल अकादमीचं वार्षिक प्रदर्शन. जोसेफ मॅलर्ड विल्यम टर्नर आता ६८ वर्षांचा आहे. त्याची दोन चौकोनी चित्रं शेजारी शेजारी टांगली आहेत. पहिलं प्रलयाच्या आदल्या संध्याकाळचं: निळा-काळा भोवरा, खाली झोपलेली माणसं, आभाळात पक्ष्यांची लांब ओळ. दुसरं प्रलयानंतरच्या सकाळचं. त्यात पिवळ्या-तांबड्या उजेडाचा एक प्रचंड गोळा गरगरतो आहे, त्याच्या मधोमध सापाचा आकार, वर कुठेतरी बसून लिहिणारा मोशे. गोळ्याच्या कडेनं बुडबुड्यांसारखी डोकी. लोक हसताहेत. चित्र उलटं टांगलं की काय अशा थाटात मान तिरकी करताहेत.

तुम्ही हसू नका. या म्हाताऱ्यानं तरुणपणी, १८००मध्ये, इजिप्तवरच्या अरिष्टाचं चित्र केलं तेव्हा त्यात पिरॅमिड होते, मेलेला घोडा होता, वादळ होतं. सगळं वेगवेगळं ओळखू येत होतं. ४३ वर्षांनी त्यानं गोष्ट आणि हवा यांच्यातली शिवण उसवून टाकली आहे. इथे प्रलय दाखवायला पाणी लागत नाही. फ्रीडरिखनं देव डोंगरावर नेला, मार्टिननं आभाळात; टर्नरच्या चित्रात देवाची गोष्ट आणि उजेड यांत बोट घालायला जागा उरत नाही. मला विचाराल तर या सगळ्या प्रवासातलं सर्वांत धाडसी चित्र हेच.

आणि आता घरच्या वाटेला लागा.

४ सप्टेंबर १८६३. नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाट. दिवसभर इथल्या शिळावर्तुळांची, जमिनीत गोल मांडलेल्या त्या प्राचीन दगडांची, खणून पाहणी चालली होती. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल आले होते. त्यांच्याबरोबर होता स्टीफन हिस्लॉप, वय ४५, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा पाद्री. १८४५मध्ये तो नागपुरात आला. शाळा काढली, आजचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. पाठीवर बायबल, हातात भूशास्त्रज्ञाचा हातोडा असा तो या मुलखात हिंडला. दगडांत अडकलेली पानं, शिंपले, हाडं गोळा केली. तो अशा पिढीचा की ज्या पिढीला प्रलयाची चित्रं आणि खडकांचे थर एकाच वेळी वाचायला मिळाले. या प्रदेशातल्या थरांना पुढे 'गोंडवाना' हे नाव मिळालं आणि तुमच्या शेजारच्या गोंड राज्यांचं नाव जगभरच्या भूगोलात गेलं.

संध्याकाळ झाली आहे. पाऊस पडून गेला आहे. तुम्हाला ठाऊक आहे की पावसाळ्यातला ओढा कसा असतो: सकाळी घोटाभर, संध्याकाळी हत्ती वाहून नेईल असा. हिस्लॉप घोड्यावरून मुक्कामाकडे एकटा निघतो. तुम्ही ओरडता, पण तुमचा आवाज त्या काळात पोचत नाही. फुगलेल्या ओढ्यात तो बुडतो.

त्याच्या कागदांमध्ये एक हस्तलिखित आहे. टेंपल यांनी ते सारे कागद १८६६मध्ये छापले, म्हणून आज आपल्याला वाचता येतं. प्रधान गायकाच्या तोंडून उतरवून घेतलेलं लिंगोचं गीत. प्रधान म्हणजे गोंडांचे भाट. देवांच्या आणि कुळांच्या कथा गाणं हा त्यांचा पिढीजात मान. येशूची गोष्ट सांगायला आलेल्या माणसानं समोरच्या माणसाची गोष्ट ऐकून, त्याच्याच भाषेत अक्षर अक्षर लिहून ठेवली, यासाठी मी हिस्लॉपचा ऋणी आहे.

त्या गीतात महादेव गोंडांवर रागावून त्यांना एका गुहेत कोंडतो आणि तोंडावर शिळा लोटतो. चौघे निसटतात आणि काचीकोपा लोहागडच्या दरीत लपतात. मग लिंगो जन्मतो. चौघांना शेती शिकवतो, अग्नी मिळवून देतो, मारला जातो, पुन्हा जिवंत होतो आणि अखेर कोंडलेल्यांची सुटका करून त्यांना बाहेर काढतो. पुढे वाटेत नदी लागते. आभाळ भरून येतं, पाणी चढतं. पुसे नावाची मगर आणि दामे नावाचं कासव पार नेण्याचं वचन देतात. चौघे मगरीच्या पाठीवर बसतात, लिंगो कासवाच्या. मधल्या धारेत मगर दगा देते. लिंगो हात लांबवून चौघांना आपल्याकडे ओढून घेतो आणि कासव सगळ्यांना पैलतीरी नेतं. कासव आजही गोंडांच्या काही कुळांचं पूज्य चिन्ह आहे.

हे कागद लिहून झालेले आणि लिहिणारा भर पुरात गेलेला. यावर काही बोलवत नाही.

पुण्यात थोडं थांबा. १९३०चं दशक, शिवाजीनगरचा ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम. अँजेलो द फोन्सेका नावाचा गोव्याचा माणूस जमिनीवर बसून जलरंगात मरिया रंगवतो आहे. १९०२मध्ये सांत इस्तेव बेटावर जन्मला, वैद्यकी सोडून चित्रकलेकडे वळला, जे. जे.मध्ये शिकला, मग शांतिनिकेतनच्या परंपरेत अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्याकडे. त्याची मरिया साडी नेसते, डोक्यावर पदर घेते, सावळी आहे. पोर्तुगीज गोव्यातल्या चर्चच्या लोकांना ते सहन झालं नाही. त्याला गाव सोडावं लागलं आणि या आश्रमानं आसरा दिला. १९६७मध्ये पुण्यातच त्याचा शेवट झाला. तुम्ही त्याच्या खांद्यावरून पाहता. वादळ नाही, कोसळणारा कडा नाही. तरी फ्रीडरिखच्या खोलीत जो प्रश्न उभा राहिला तोच इथे आहे: पवित्र गोष्ट कुठल्या मातीवर घडते? फ्रीडरिखनं बेथलेहेमची वाट न पाहता आपल्या उत्तरेकडच्या फरच्या झाडांत क्रूस रोवला. फोन्सेकानं तीच गोष्ट आपल्या बायकांच्या उभं राहण्यात, बसण्यात पाहिली. दोघांनाही धर्मातल्याच लोकांनी बोल लावले.

आता माघ पौर्णिमा, तुमचं आजचं वर्ष. मुंबई–हावडा मार्गावर गोंदिया सोडल्यावर आमगाव, सालेकसा आणि मग दरेकसा. लोहमार्ग इथे डोंगरात शिरतो, बोगदा लागतो, जवळच हाजरा फॉल. पावसाळ्यात डब्याच्या दारात उभं राहिलं तर धबधबा दिसतो. या पट्ट्यातले खडक दोन अब्ज वर्षांहून जुने, ज्वालामुखीतून आलेले. हिस्लॉपचा हातोडा इथे दिवस दिवस थांबला असता.

दरेकशाहून धनेगावकडे आणि तिथून कचारगडाकडे माणसांची रांग लागली आहे. महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगण, ओडिशा. पिवळे दुपट्टे, सप्तरंगी झेंडे. समोरून येणारा प्रत्येक जण 'जय सेवा' म्हणतो, तुम्हीही म्हणता. साग, येन, तेंदू, मोह यांच्यातून चढ सुरू होतो. पळसाला नुकता कुठे रंग चढू लागला आहे. ढोल आधी ऐकू येतो, मग रेला नाचणाऱ्यांची रांग दिसते.

वाटेत तुमच्याबरोबर चालणारी आजी गोष्ट सांगते. हिस्लॉपच्या कागदांतल्यापेक्षा ती थोडी वेगळी आहे, आणि इथे चालते ती हीच: काली कंकालीची ३३ लेकरं शंभूनं या गुहेत कोंडली. जंगो रायताडनं त्यांना जीव लावलेला. पहांदी पारी कुपार लिंगोनं सुटकेचा मार्ग शोधला. हीरासुका पाटालीर किंगरी वाजवत गुहेपाशी आला. त्या सुरांनी आतल्या लेकरांच्या अंगात बळ आलं, त्यांनी शिळा लोटली, आणि शिळेखाली किंगरीवाला गेला. बाहेर आलेल्या लेकरांपासून कोया पुनेम, गोंडांची कुळं आणि त्यांचा धर्म सुरू झाला. "इथंच बापा," असं म्हणून ती काठीनं वर दाखवते.

तुम्ही वर पाहता. काळा कडा, त्याच्या पोटात गुहेचं तोंड, त्यावर झाडांची मुळं लोंबताहेत, खाली माणसांची रांग मुंगीएवढी. तुम्ही दोनशे वर्षांतून आणि अर्ध्या पृथ्वीवरून चालत आला आहात, आणि हे चित्र तुम्ही ओळखता. मार्टिनची माणसं आहेत, फ्रीडरिखचा सुळका आहे, शिळेवर तिरपं पडलेलं टर्नरचं ऊन आहे. एका गोष्टीत मात्र या तिघांचं चित्र आणि हा डोंगर यांत मोठं अंतर आहे. मार्टिननं बाबेल कधी पाहिलं नव्हतं, टर्नरनं सीनायचा डोंगर पाहिला नव्हता. त्यांना दूर देशीची गोष्ट आपल्या डोंगरावर आणून बसवावी लागली. कचारगडाला कुणी गोष्ट आणून दिलेली नाही. आजी जिथे काठी रोखते, तिथे ती घडली असं इथे जमलेली सगळी माणसं मानतात.

आणि तरी या डोंगरासकट ही गोष्ट मोठ्या कॅनव्हासवर मी कुठे पाहिलेली नाही. प्रधानांच्याच घरातला, पाटणगडचा जनगढ सिंह श्याम १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्यामुळे भोपाळच्या भारत भवनात आला. गाणाऱ्यांच्या वंशानं कुंचला हाती घेतला. त्यानं बडादेव रंगवला, पक्षी, हरणं रंगवली. हरणाच्या शिंगांतून झाड फुटतं आणि ठिपक्या-रेघांनी सगळं अंग भरून जातं. त्याच्या चित्रात मागे आणि पुढे असं काही नसतं, प्राणी आणि रान एकाच कातड्याचे. २००१मध्ये जपानमध्ये त्याचा मृत्यू झाला, अवघ्या चाळिशीच्या आत. त्याच्यामागून त्याच्या गावातल्या कितीतरी जणांनी ही वाट धरली. पण ते नर्मदेच्या वरच्या बाजूचं गाव. वैनगंगेच्या आणि बाघ नदीच्या खोऱ्यातून, सालेकसा-देवरीच्या डोंगरांतून अशी चित्रपरंपरा अजून उभी राहिलेली नाही.

हात मात्र इथेही आहेत. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, धान निघाल्यावर मोकळ्या बांध्यांत झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात. राजवाडा, रस्ता, जंगल यांचे पडदे रंगवणाऱ्या कारागिरांना उजेड आणि अंतर कळतं. जॉन मार्टिनही अशाच कारागिरीतून वर आला होता. जिल्ह्यातल्या शाळांमध्ये चित्रकला शिकवणारे शिक्षक आहेत. त्यांच्या वर्गात गोंडी बोलणारी मुलं बसतात, ज्यांच्या घरी किंगरीवाल्याची गोष्ट झोपताना सांगितली जाते. त्या मुलांना निसर्गचित्र म्हणून अजूनही दोन त्रिकोणी डोंगर, मधे अर्धा सूर्य आणि नारळाचं झाड काढायला लावतात. गोंदियाच्या रानात नारळ कुठून येणार?

म्हणून तुमच्यापैकी जो कुणी हातात कुंचला धरतो, त्याला विनंती आहे. येत्या माघ पौर्णिमेला दरेकशाला उतरा. वर चढण्याआधी पूजेला बसलेल्या भुमकांना आणि जाणत्या माणसांना विचारा, काय काढलेलं चालेल आणि काय नाही. ही त्यांची पूजेची जागा आहे आणि गोष्ट त्यांची आहे. गोंडी मुलांना बरोबर न्या, पहिली रेघ त्यांना ओढू द्या. शिळा लोटली जाते तो क्षण काढा, पुरातलं कासव काढा. डोंगर मागे ढकलू नका, आणि माणसं लहान झाली तरी चालतील.